करवंदाचे बी थांबत नाही

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, मे महिना लागला की डोंगरउतारावरच्या करवंदाच्या जाळ्या काळ्याभोर फळांनी लगडतात. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड या डोंगरांच्या पायथ्याची ठाकर आणि महादेव कोळी वस्त्यांतली माणसे सकाळी लवकर जाळ्यांत शिरतात, हाताला काट्यांचे ओरखडे घेत पाट्या भरतात आणि राजूर-अकोल्याच्या बाजारात किंवा भंडारदऱ्याच्या रस्त्यावर येऊन बसतात. पळसाच्या पानाच्या द्रोणात करवंदे मिळतात. ‘डोंगरची काळी मैना’ ही हाळी महाराष्ट्रातल्या एसटी स्थानकांवर कित्येक पिढ्यांनी ऐकली आहे. करवंद अर्धे खाऊन आतला रंग पाहायचा आणि ‘कोंबडा की कोंबडी’ ओळखायचे, हा खेळही तितकाच जुना.

द्रोण रिकामा होतो आणि बिया रस्त्यावर थुंकल्या जातात. हे प्रकरण त्या बियांविषयी आहे. त्यांतून घरच्या बागेला सुवासिक फुलांचे, खाण्याजोग्या फळांचे आणि जनावराला आत न येऊ देणारे कुंपण मिळू शकते. अट एकच आहे: बी ताजे असतानाच मातीत गेले पाहिजे.

करवंद कसे झुडूप आहे

करवंद हे कॅरिसा या प्रजातीतले सदाहरित, काटेरी झुडूप. त्याचे कुळ कण्हेर, तगर, सदाफुली, सप्तपर्णी आणि चाफा यांचे. पान किंवा कच्चे फळ तोडले की पांढरा चीक येतो, ही या कुळाची खूण. पाने समोरासमोर, जाड आणि चकचकीत असतात. काटे कडक आणि बहुधा टोकाशी दुभंगलेले असतात. त्यामुळे जाळीत शिरलेला हात सरळ बाहेर येत नाही.

सह्याद्रीत फेब्रुवारी-मार्चमध्ये करवंदाला बहर येतो. पाच पाकळ्यांची पांढरी फुले झुबक्यांनी येतात, मागची नळी फिकट गुलाबी असते. वास जाई-जुईच्या जातीचा, संध्याकाळी अधिक जाणवणारा. फुलाची नळी अरुंद आहे, म्हणून तळाच्या मधापर्यंत पोचायला लांब सोंड लागते. पतंग आणि फुलपाखरे हे काम करतात. फांदीवर फळ धरायचे तर त्यांची ये-जा हवी. म्हणून बहराच्या काळात कीटकनाशक फवारणे म्हणजे आपल्याच हाताने फळ घालवणे.

फळ आधी हिरवे, मग लालसर आणि शेवटी काळे-जांभळे होते. कच्च्या फळात आंबटपणा, चीक आणि भरपूर पेक्टिन असते. म्हणून लोणचे आणि चटणी कच्च्या करवंदाची करतात आणि त्याची जेलीही चांगली धरते. केकवर आणि मिठाईवर दिसणारी लालभडक ‘चेरी’ बऱ्याचदा पाकात मुरवून रंगवलेले करवंदच असते. पिकलेल्या फळात मऊ गराच्या मधोमध काही चपट्या, तपकिरी बिया असतात.

बी वाट का पाहत नाही

याच अकोले तालुक्यात कोंभाळणे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडा, भात अशा पिकांची गावरान वाणे जपली, बियाणे बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ‘बीजमाता’ म्हणून अख्खा महाराष्ट्र त्यांना ओळखतो. कडधान्याचे किंवा भाताचे बी उन्हात वाळवायचे, राख लावायची, मडक्यात किंवा कणगीत ठेवायचे आणि पुढच्या पावसाला काढायचे, ही आपल्या खेड्यापाड्यांतली बाईच्या हातातली विद्या. ती विद्या करवंदाला लावली तर मात्र बी मरते.

कारण बियांच्या स्वभावात आहे. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ एरिक रॉबर्ट्स यांनी १९७३ साली बियांचे दोन मोठे गट सांगितले. पहिल्या गटातले बी वाळवले की झोपी जाते आणि जितके कोरडे व थंड ठेवाल तितके जास्त टिकते. ज्वारी, बाजरी, वाल, तूर ही सगळी या गटातली. दुसऱ्या गटातले बी झाडावरून पडते तेव्हाच ओले आणि जागे असते. त्यातला ओलावा गेला की आतला अंकुरही जातो. आंबा, फणस, जांभूळ या गटातले. करवंदाचा कल या दुसऱ्या बाजूला आहे. फळातून काढलेले बी थोड्याच दिवसांत उगवणशक्ती गमावू लागते, आणि घरातल्या डबीत काही महिने ठेवलेल्या बियांतून हाती फारसे काही लागत नाही.

डोंगराकडे पाहिले की यामागची सोय कळते. करवंद पिकते मे आणि जूनच्या सुरुवातीला. बुलबुल, कोल्हे आणि माणसांची पोरे फळ खातात आणि बी दूर नेऊन टाकतात. काही दिवसांत पाऊस येतो. ज्या बियाला पडल्या पडल्या चार महिन्यांची ओल मिळणार आहे, त्याला झोपून राहण्याची गरज पडलीच नाही. ज्वारीचे बी मात्र काढणीनंतर कोरड्या महिन्यांतून जाते. ते टिकले तरच पुढचे पीक.

म्हणून करवंद लावणाऱ्याचे वेळापत्रक डोंगराने आधीच ठरवून दिले आहे. मेच्या उत्तरार्धात किंवा जूनच्या आरंभी फळ आणायचे आणि त्याच आठवड्यात बी पेरायचे. जुलैत वृक्षारोपणाच्या उत्साहात बी शोधायला निघालात तर उशीर झालेला असतो.

पाटीपासून पिशवीपर्यंत

फळ निवडताना पूर्ण काळे, मऊ आणि झाडावर पिकलेले घ्यावे. लालसर फळ घरी आणून पिकवले तर खायला चालते, पण त्यातले बी पुरते भरलेले असेलच असे नाही. विकणाऱ्या बाईंना विचारून दोन-तीन वेगवेगळ्या जाळ्यांची फळे मिळवावीत. एकाच झुडपाच्या बियांपेक्षा अनेक झुडपांच्या बियांची रोपे लावली की फुलांचे परागीकरण आणि फळधारणा दोन्ही चांगली होतात.

फळे खा आणि बिया वाटीत जमवा, किंवा गर पाण्यात कुस्करा. गर आणि चीक बियांना चिकटून राहिले की बुरशी धरते आणि मुंग्या येतात. मूठभर राख किंवा बारीक वाळू घालून बिया पाण्यात चोळा, पाणी दोन-तीनदा बदला. पोकळ बिया बहुधा तरंगतात. त्या टाकून द्या. तळाशी बसलेल्या बिया कापडावर पसरून सावलीत तासभर सुकवा, म्हणजे हाताला चिकटणार नाहीत. उन्हात अजिबात ठेवू नका. त्याच दिवशी पेरणी जमत नसेल तर बिया ओलसर वाळूत मिसळून सावलीत ठेवाव्यात, आणि तेही दोन-चार दिवसच.

पेरणीसाठी पोयट्याची माती, चाळलेले जुने शेणखत आणि वाळू सारख्या प्रमाणात मिसळा. पिशव्यांना खाली भोके असावीत. प्रत्येक पिशवीत दोन किंवा तीन बिया, बोटाच्या पेराच्या निम्म्या खोलीवर. जास्त खोल गेले की कोंब वर येता येता दमतो. संख्या जास्त असेल तर गादीवाफ्यावर ओळीत पेरून पुढे रोपे पिशवीत हलवता येतात. वर वाळलेल्या गवताचा किंवा उसाच्या पाचटाचा पातळ थर द्यावा आणि कोंब दिसू लागताच तो काढावा. झारीने पाणी द्या. पाइपच्या धारेने बी उघडे पडते.

साधारण दोन ते चार आठवड्यांत उगवण होते. सगळे बी एका दिवशी वर येत नाही, म्हणून पहिले कोंब दिसले की उरलेल्या पिशव्या फेकायची घाई करू नये. रोपे लहान असताना सर्वांत मोठा धोका जास्त पाण्याचा. पावसाळ्यात पिशवी सतत चिंब राहिली की खोड मातीच्या पातळीवर सडते आणि रोप आडवे होते. म्हणून पिशव्या जमिनीवर थेट न ठेवता विटांवर किंवा खडीवर ठेवा. अर्धी सावली, वाहती हवा आणि दोन पाण्यांमध्ये वरची माती सुकू देणे, एवढे सांभाळले तर बहुतेक रोपे तगतात.

पिशवीत दोन-तीन रोपे उगवली तर सर्वांत जोमदार एक ठेवून बाकीची कात्रीने कापा. उपटली तर राहणाऱ्या रोपाची मुळे दुखावतात. पहिल्या वर्षी करवंदाची वाढ मंद वाटते, कारण ते वरच्यापेक्षा खालीच जास्त वाढत असते. या धीम्या वाढीने निराश होऊन खताचा मारा करू नये.

जमीन, पाऊस आणि कुंपण

एकाच जिल्ह्यात पावसाचा एवढा फरक क्वचित दिसतो. अकोल्याच्या घाटघर भागात वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर पूर्वेकडच्या कर्जत, जामखेड, पाथर्डी या तालुक्यांत पाचशे-सहाशे मिलिमीटरवर वर्ष काढावे लागते, आणि कधी तेवढाही पडत नाही. करवंद दोन्हीकडे जगते. उथळ, मुरमाड, उताराची जमीन त्याला मानवते. पारनेर-संगमनेरच्या पठारी माळावर, जिथे फूटभर खाली मुरूम लागतो, तिथे ते समाधानाने राहते. नेवासे-शेवगावच्या खोल काळ्या जमिनीत मात्र पावसाचे पाणी मुळाशी साचता कामा नये. तिथे खड्ड्यात मुरूम मिसळावा आणि रोप थोड्या उंचवट्यावर लावावे.

वर्षभराचे रोप पुढच्या जून-जुलैत, पहिले दोन चांगले पाऊस झाल्यावर जमिनीत घालावे. दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा उन्हाळ्यातच खणून तापू द्यावा, मग माती, शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड घालून भरावा. कुंपणासाठी दोन रोपांत दोन ते तीन फूट अंतर पुरते. फळांसाठी एकटे झुडूप वाढवायचे असेल तर सात-आठ फूट मोकळे सोडावे. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला पाणी आणि बुंध्याशी पाचटाचे आच्छादन दिले की पुढे ते बरेचसे स्वतःच्या बळावर उभे राहते. फळे साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून दिसू लागतात. छाटणी फळे उतरल्यानंतर करावी. हिवाळ्यात छाटले तर येऊ घातलेला बहरच कापला जातो.

कुंपण म्हणून करवंदाची ताकद आपल्या देशाने फार मोठ्या प्रमाणावर पाहिली आहे, आणि ती आठवण सुखद नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने मिठावरचा कर चुकवून मीठ नेले जाऊ नये म्हणून पंजाबपासून बऱ्हाणपूरच्या बाजूपर्यंत शेकडो मैलांची जकात-रेषा आखली आणि तिच्यावर काटेरी झाडांचे जिवंत कुंपण वाढवले. बाभूळ, बोर, निवडुंग यांच्याबरोबर त्यात करवंदही होते. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ह्यूम १८६७ ते १८७० या काळात त्या जकात खात्याचे आयुक्त होते आणि कुंपण वाढवण्यावर त्यांनी बराच भर दिला. १८७९ मध्ये ती रेषा मोडीत निघाली. गरिबाच्या मिठावर पहारा ठेवणारे तेच झुडूप आज गरिबाच्या परसातली भाजी शेळीपासून वाचवू शकते. तारेच्या कुंपणाला पैसा लागतो आणि तार गंजते. करवंदाची जाळी दरवर्षी दाट होते, फूल देते, फळ देते आणि बुलबुल-होल्यांना घरट्यासाठी सुरक्षित जागा देते.

कुंती: सुवास आणि एक सावधगिरी

काटे नको असतील, अंगणात लहान मुले असतील, तर करवंदाऐवजी कुंतीचा विचार करावा. काही जण तिला कामिनी म्हणतात. ती लिंबाच्या कुळातली. पान चुरगळले की ते लगेच कळते. पाऊस किंवा भरपूर पाणी मिळाल्यावर झुडूप एकदम पांढऱ्या फुलांनी भरते, संध्याकाळपासून वास अंगणभर पसरतो आणि एक-दोन दिवसांत पाकळ्यांचा सडा पडतो. मग छोटी, लांबट फळे धरतात आणि पिकून शेंदरी-लाल होतात. ती पक्ष्यांची, माणसाने खायची नव्हेत.

कुंतीच्या फळात एक किंवा दोन बिया असतात. कृती करवंदासारखीच: लाल झालेले फळ तोडा, गर धुऊन काढा, लगेच पेरा. महिनाभरात उगवण होते. कुंतीचे रोप सावली सोसते, कुंडीत राहते आणि छाटणीने हवे तसे वळते. शहरातल्या गच्चीवर करवंदापेक्षा कुंती सोयीची.

सावधगिरी मात्र मोठी आहे, आणि ती या जिल्ह्याला खास लागू पडते. श्रीगोंद्याचे कागदी लिंबू प्रसिद्ध आहे. जिल्ह्यात मोसंबी-संत्र्याच्या बागाही आहेत. या फळझाडांना ग्रीनिंग नावाचा जिवाणूजन्य रोग होतो. पाने पिवळी पडतात, फळे वेडीवाकडी व कडवट होतात आणि झाड हळूहळू संपते. त्यावर औषध नाही. हा रोग सिट्रस सायला नावाची बारीक कीड एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, आणि या किडीला कुंतीची कोवळी पालवी अतिशय आवडते. कढीपत्त्यावरही ती येते. म्हणून शेजारी लिंबू-मोसंबीची बाग असेल तर कुंती लावू नये. अशा शेतकऱ्याने करवंद लावावे. ते वेगळ्या कुळातले आहे.

ज्या फळांपासून दूर राहायचे

सुवास आणि सुंदर फळ एकत्र आले म्हणजे ते घरात आणावे असे नाही. रातराणी मूळची वेस्ट इंडीजकडची. तिचा वास आपल्याला इतका परिचित आहे की तिला फुलांनंतर येणारी पांढरी, मण्यांसारखी फळे विषारी असतात हे लक्षात राहत नाही. लहान मुले असलेल्या घरी तिची फळे धरताच काढून टाकावीत. करवंदाची भावकी असलेली कण्हेर तर सर्वांगाने विषारी आहे. घाणेरी रंगीत फुले आणि काळी फळे देते, पण पक्षी तिचे बी सगळीकडे पसरवतात. आपल्या माळरानांवर आणि वनजमिनीवर तिने केलेला कब्जा पाहता तिचे एकही रोप कुणी मुद्दाम लावू नये.

घरच्या मुलांना एक नियम शिकवावा: ओळखीच्या मोठ्या माणसाने ‘हे करवंद आहे’ असे सांगितल्याशिवाय कोणतेही फळ तोंडात घालायचे नाही. डोंगरातली मुले रानात मोकळेपणी खातात, कारण त्यांच्या आईबापांनी त्यांना झाड ओळखायला शिकवलेले असते. तेवढी ओळख आपल्या मुलांनाही द्यायला हवी.

बियांपासूनच का

रोपवाटिकेत करवंदाची तयार रोपे मिळतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने मोठ्या फळांची ‘कोकण बोल्ड’ ही जात दिली आहे. उत्तरेत पंतनगर विद्यापीठाने ‘पंत मनोहर’, ‘पंत सुदर्शन’ आणि ‘पंत सुवर्णा’ दिल्या. विक्रीसाठी, एकसारख्या फळांसाठी करवंद लावणाऱ्याने अशी निवडलेली जातच घ्यावी. बियांपासून केलेले प्रत्येक रोप थोडे वेगळे निघते. एकाचे फळ गोड, दुसऱ्याचे आंबट, एकाचे मोठे, दुसऱ्याचे बारीक. एक लवकर पिकते, दुसरे उशिरा.

बाजारासाठी हा दोष आहे, घरासाठी तो लाभ आहे. दहा वेगळ्या रोपांच्या कुंपणात फळांचा हंगाम लांबतो. आंबट झुडपाचे लोणचे होते आणि गोड झुडपाखाली मुले बसतात. एखाद्या कडक उन्हाळ्यात दोन झुडपे वाळली तरी आठ उरतात, आणि जी उरतात ती आपल्या जमिनीला आणि आपल्या पावसाला पुरून उरलेली असतात. पुढच्या वर्षी त्यांच्याच बिया पेराव्यात. अशा निवडीतूनच एखाद्या गावाला स्वतःचे करवंद मिळते.

याहून मोठा विचार डोंगराचा आहे. वणवे, जमिनींचे सपाटीकरण, रस्त्यांचे रुंदीकरण यांत जाळ्या तोडल्या जातात, आणि एकदा तोडलेली जाळी पुन्हा दाट व्हायला बरीच वर्षे लागतात. करवंदाचे बी साठवता येत नाही, म्हणजे त्याची वाणे मडक्यात जपता येत नाहीत. ती जिवंत झुडपांतच जपावी लागतात. ज्या घराच्या कुंपणात अकोल्याच्या तीन जाळ्यांची करवंदे वाढत आहेत, ते घर त्या जाळ्यांचा वारसा सांभाळत आहे.

तेव्हा यंदा मे महिन्यात डोंगरातून आलेली करवंदे विकत घ्या, विकणाऱ्याला योग्य भाव द्या, घासाघीस करू नका. पोटभर खा. मात्र बिया रस्त्यावर टाकू नका. त्याच संध्याकाळी धुऊन पेरा. दहा पिशव्या पेरल्या तर दोन-चार शेजाऱ्यालाही देता येतील.